नवीन विंडोज टाकूनही व्हायरस परत येतोय? अपग्रेडच्या आधी आणि नंतर काय तपासायचं

आधी लक्षणं. तुमच्या मशीनवर यातलं काय दिसतंय ते कागदावर लिहून घ्या, पुढं उपयोगी पडेल.

- अपग्रेड अर्ध्यात थांबतं, मशीन दोन-तीनदा रीस्टार्ट होतं आणि शेवटी जुनंच विंडोज परत येतं.
- विंडोज अपडेट उघडत नाही. किंवा घरच्या साध्या कॉम्प्युटरवरही 'काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते' अशा अर्थाचा इंग्रजी मेसेज दिसतो.
- डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) बंद असतो. चालू केला तरी थोड्या वेळानं आपोआप बंद होतो.
- बाकी सगळ्या साइट उघडतात, फक्त अँटिव्हायरसच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या उघडत नाहीत.
- पेनड्राइव्हमधल्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेत. किंवा आत पेनड्राइव्हच्याच नावाचा एकच शॉर्टकट दिसतो.
- ब्राउझरचं पहिलं पान बदललंय, उजव्या कोपऱ्यात सारख्या जाहिराती येतात.
- नवीन विंडोज टाकल्यावर आठ-दहा दिवस सगळं छान चालतं, मग वरचं सगळं पुन्हा सुरू.
- फाइलींच्या नावांना विचित्र शेपूट लागलंय, फाइल उघडत नाही आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी आहे. हे असेल तर बाकी काही करू नका. थेट शेवटचा भाग वाचा.

सोलापुरात पूर्व भागात मी बरीच वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. टॉवेल कारखान्यांची अकाउंटची मशीनं, झेरॉक्सची दुकानं, फोटो स्टुडिओ, कॉलेजच्या पोरांचे लॅपटॉप असं सगळं येतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट बंद झाले आणि ११ वर जाण्याची घाई सुरू झाली. तेव्हापासून एकच वाक्य सारखं ऐकतोय : "दादा, परवाच तर नवीन विंडोज टाकलं की ओ, तरी व्हायरस आला."

तो नवीन आलेला नसतो. तो गेलेलाच नसतो. यातल्या बहुतेक मशीनमध्ये व्हायरस पेनड्राइव्हमधून, डी ड्राइव्हमधून, बॅकअपमधून नाहीतर फुकटात विंडोज चालू करून देणाऱ्या अ‍ॅक्टिव्हेटरमधून परत आलेला मला सापडलाय.

आपल्याकडं दोन वेगळ्या कामांना 'अपग्रेड' हा एकच शब्द वापरतात. एकात तुमचे प्रोग्रॅम आणि फाइली तशाच ठेवून वर नवीन विंडोज बसतं. दुसऱ्यात डिस्क पुसून कोरं विंडोज टाकतात. पहिल्या प्रकारात तुमच्या टॅलीबरोबर व्हायरसही नव्या घरात राहायला येतो, कारण विंडोजच्या दृष्टीनं तोही तुम्ही ठेवलेला एक प्रोग्रॅमच असतो. पाणी यायच्या दिवशी टाकी न घासता भरली तर तळाचा गाळ नव्या पाण्यात मिसळतो. इथंही तसंच होतं.

खरंच व्हायरस आहे का?

याला पैसे लागत नाहीत, पाच-दहा मिनिटं लागतात. इथंच बरीच प्रकरणं संपतात.

घड्याळाकडं बघा. मशीन सुरू केल्यावर तारीख काही वर्षं मागं गेलेली असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलाय. सुरक्षित वेबसाइट उघडताना ब्राउझर त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत तपासतो. तुमच्या मशीनची तारीखच चुकीची असेल तर जवळपास प्रत्येक साइटवर धोक्याची सूचना येते आणि अपडेटही अडतं. लोकांना वाटतं व्हायरस आहे. सीआर २०३२ नंबरचा सेल बहुतेक डेस्कटॉपला चालतो आणि तो अगदी स्वस्त असतो. फरक लक्षात ठेवा : सगळ्याच साइट अडत असतील तर आधी तारीख बघा. फक्त अँटिव्हायरसच्या साइट अडत असतील तर व्हायरसचा संशय घ्या.

मग पंखा. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि कारखान्याच्या ऑफिसात सुताची बारीक धूळ सतत उडत असते. ती प्रोसेसरवरच्या पंख्यात आणि जाळीत गादीसारखी बसते. अपग्रेडच्या वेळी प्रोसेसर तासभर जोरात चालतो, तापतो आणि मशीन स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतं. अपग्रेड अर्ध्यात थांबण्याचं हे कारण मी दर उन्हाळ्यात बघतो. मशीनचा वीजपुरवठा बंद करून, कॅबिनेट उघडून, मऊ ब्रशनं धूळ काढा. ब्लोअर मारत असाल तर पंखा बोटानं धरून ठेवा, तो गरगर फिरू देऊ नका. आणि अपग्रेड सकाळी लवकर लावा.

टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसर निवांत आहे, पण डिस्क सतत १०० टक्क्यांवर अडकलीय, असं दिसलं तर जुनी हार्ड डिस्क थकली असण्याची शक्यता जास्त. सी ड्राइव्हवर २५-३० जीबी तरी मोकळी जागा ठेवा. जागा कमी असली तरी अपग्रेड मागं फिरतं.

कोपऱ्यातल्या 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले' अशा जाहिराती बहुतेक वेळा ब्राउझरच्या नोटिफिकेशन असतात. कधीतरी एखाद्या साइटवर घाईनं 'अलाऊ' दाबलेलं असतं. ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सची यादी उघडा आणि अनोळखी नावं काढून टाका. त्या जाहिरातीत दिलेल्या नंबरवर फोन मात्र कधीही करू नका.

पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड

घरातले, दुकानातले सगळे पेनड्राइव्ह एका जागी गोळा करा. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी नेलेला, जॅकार्डचं डिझाइन कारखान्यात नेणारा, कॅमेऱ्याचं कार्ड, जुन्या मोबाइलचं कार्ड, सगळे. एकही सुटला तर पुढची मेहनत वाया जाते.

शॉर्टकटवाला व्हायरस तुमच्या फाइली खात नाही, लपवतो. खऱ्या फोल्डरवर 'लपवलेलं' आणि 'सिस्टिम' असे दोन शिक्के मारतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट समोर ठेवतो. तुम्ही त्यावर डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो, मग फोल्डर उघडतं, म्हणून शंकाही येत नाही. विंडोज ७ पासून पेनड्राइव्ह लावल्याबरोबर त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालणं बंद झालंय. त्यामुळं या व्हायरसला तुमची ती डबल क्लिकच लागते.

दोन-तीन वर्षांपूर्वी, सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी एक स्टुडिओवाले काका रडवेले होऊन आले. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे सगळे फोटो गेले म्हणाले, कार्डात फक्त एक शॉर्टकट दिसतोय. कोणीतरी त्यांना कार्ड फॉरमॅट करायला सांगितलं होतं. मी कार्डाची प्रॉपर्टीज उघडून दाखवली : वापरलेली जागा जवळपास पूर्ण. म्हणजे फोटो आतच होते. तुम्हीही आधी हेच बघा. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये लपवलेल्या गोष्टी दाखवा, मग फोल्डर ऑप्शन्समध्ये सिस्टिमच्या संरक्षित फाइली लपवण्याची खूण काढा. खरे फोल्डर फिकट रंगात दिसतील. त्यातला फक्त डेटा बाहेर काढा.

पेनड्राइव्ह फॉरमॅट करायचा तो मशीन स्वच्छ झाल्यावर. आधी केला तर आजारी मशीन त्याला लगेच पुन्हा लागण करतं.

डिफेंडरनं कुणाला सूट दिलीय?

सगळ्या तपासण्यांतली एकच करायला वेळ असेल तर ही करा. विंडोज सिक्युरिटी उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जा, 'मॅनेज सेटिंग्ज' दाबा, खाली 'एक्सक्लूजन्स' आहे. डिफेंडरनं जिकडं बघायचंच नाही अशा जागांची ती यादी. तुम्ही स्वतः काही टाकलं नसेल तर ती रिकामी हवी. माझ्याकडं आलेल्या मशीनमध्ये तिथं आख्खा सी ड्राइव्ह टाकलेला मी कितीदा पाहिलाय. अशा मशीनवर रोज स्कॅन करा, रोज 'काही सापडलं नाही' असंच येणार. पहारेकऱ्याला घराकडं पाठ करून उभं केलंय.

ही सूट तिथं कशी जाते? फुकटचं विंडोज चालू करणाऱ्या अ‍ॅक्टिव्हेटरमधून. त्याची पहिली सूचनाच 'अँटिव्हायरस बंद करा' अशी असते. मग तो अ‍ॅडमिनचे पूर्ण अधिकार मागतो आणि आपण देतो. त्या क्षणानंतर त्यानं आत काय काय ठेवलं हे सांगता येत नाही. 'सगळी सॉफ्टवेअरं टाकून तयार' म्हणून हातोहात फिरणाऱ्या विंडोजच्या कॉपींचंही तेच. सुरुवातीच्या काळात मीही तशी एक कॉपी वापरायचो. त्याच कॉपीची मशीनं महिन्याभरात सारखीच तक्रार घेऊन परत यायला लागली तेव्हा ती फेकून दिली.

आणि वाईट याचं वाटतं की बहुतेकांना त्याची गरजच नसते. विंडोज ८ किंवा त्यानंतरचं विंडोज कंपनीतूनच टाकून आलेल्या बऱ्याच लॅपटॉपच्या मदरबोर्डमध्ये परवान्याची की साठवलेली असते. तीच एडिशन पुन्हा टाकली तर विंडोज आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. विंडोज १० चा डिजिटल परवाना असेल आणि मशीन पात्र असेल तर ११ साठी वेगळे पैसे लागत नाहीत. तरी होतं काय, लॅपटॉपला 'होम'चा अस्सल परवाना असतो आणि कोणीतरी त्यावर क्रॅक केलेलं 'प्रो' टाकून देतं. हक्काचं काढून चोरीचं घातल्यासारखं. अपग्रेड करून घेताना आधी विचारा : माझ्या मशीनला मूळ कोणती एडिशन होती?

एक्सक्लूजन्स साफ करा, टॅम्पर प्रोटेक्शन (डिफेंडर बाहेरून बंद करू न देणारी सोय) चालू करा, प्रोटेक्शन हिस्टरी वाचा. डिफेंडर चालूच होत नसेल तर पुढचं बघा.

ऑफलाइन स्कॅन

विंडोज चालू असताना व्हायरसही चालू असतो आणि तो स्वतःला लपवू शकतो. डिफेंडरच्या स्कॅन ऑप्शन्समधलं 'ऑफलाइन स्कॅन' मशीन रीस्टार्ट करून, नेहमीचं विंडोज सुरू न करता तपासणी करतं. साधारण १५ मिनिटं लागतात. आधी डिफेंडरची माहिती अपडेट करून घ्या. डिस्क बिटलॉकरनं (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) बंद असेल तर रिकव्हरी की हाताशी हवी. ऑफलाइन झाल्यावर रात्री फुल स्कॅन लावून ठेवा.

दुसरं मत हवं असेल तर मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर फुकट आहे. तो डाउनलोड केल्यापासून दहा दिवसच चालतो, नंतर नवीन घ्यावा लागतो. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्रही २०१७ पासून मोफत साफसफाईची साधनं देतं. पण कायमचे दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. ते एकमेकांना अडवतात आणि मशीन मंद होतं.

मुदत संपलेला अँटिव्हायरस पडून असेल तर अपग्रेडच्या आधी काढा. अपग्रेड अडल्यावर येणाऱ्या एरर कोडच्या शेवटी २०८ असेल तर एखादा न जुळणारा प्रोग्रॅम वाट अडवतोय, आणि बऱ्याचदा तो असाच जुना अँटिव्हायरस असतो.

लपण्याच्या जागा

इथून पुढं जरा जपून. सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी (नेट दुसऱ्याच कॉम्प्युटरमधून वळवणारी सोय) बघा, तुम्ही किंवा ऑफिसनं लावली नसेल तर बंद करा. सिस्टिम ३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरात 'ईटीसी' नावाचं फोल्डर आहे, त्यातली 'होस्ट्स' फाइल नोटपॅडमध्ये उघडा. हॅश चिन्हानं सुरू होणाऱ्या ओळी निरुपद्रवी असतात. पण अँटिव्हायरसच्या साइटची नावं तिथं दिसली तर ठरावीक साइटच का उघडत नव्हत्या हे कळेल.

मग टास्क मॅनेजरमधलं स्टार्टअप आणि टास्क शेड्यूलर (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा). अर्थहीन नावाचं काम, अ‍ॅपडेटा फोल्डरातून पॉवरशेल किंवा स्क्रिप्ट चालवणारं, दर काही मिनिटांनी जागं होणारं, अशावर संशय घ्या. फाइल पुसली तरी ती परत का येते याचं उत्तर बऱ्याचदा इथं असतं : हे काम ती पुन्हा उतरवून घेतं. ओळखता न येणारं काम पुसू नका, फक्त डिसेबल करा. चुकलं तर परत चालू करता येतं.

ब्राउझरची एक्स्टेन्शनही (त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) बघा. मशीन कोरं केलं तरी ब्राउझरमध्ये लॉगिन केल्याबरोबर खात्यातून तेच वाईट एक्स्टेन्शन परत उतरतं.

आता अपग्रेड

मशीन स्वच्छ निघालं तर मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवा. ११ साठी ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) आणि सिक्युअर बूटची सोय असलेलं यूईएफआय (मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) लागतं, आणि प्रोसेसर त्यांच्या यादीतला हवा. पात्र नसेल तर पळवाटा काढून बसवू नका, अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. नोंदणी केली तर घरगुती विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, तोवर नव्या मशीनची तजवीज करा.

ऑफलाइन स्कॅननंतरही व्हायरस एकदा जरी परत आला, किंवा डिफेंडर दुरुस्तच होत नसेल, तर प्रोग्रॅम ठेवून अपग्रेड करण्याचा विचार सोडा. कोरं विंडोज टाका. त्याचा पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्या आणि तो दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच बनवा.

आणि इथं आपल्याकडची जुनी सवय आडवी येते. फॉरमॅट म्हणजे फक्त सी. डी ड्राइव्ह तसाच, त्यात 'सॉफ्टवेअर' नावाचं फोल्डर, आत दहा वर्षांचे सेटअप. सॅलिटी, व्हायरट, रॅमनिट या जातीचे व्हायरस प्रत्येक ड्राइव्हवरच्या प्रोग्रॅम फाइलींमध्ये घुसून बसतात. सी कोरा झाला, मग आपण प्रिंटरचा सेटअप डी मधून चालवला, आणि खेळ पुन्हा सुरू. आठ-दहा दिवसांनी 'परत आला' म्हणतात तो असा.

म्हणून बॅकअपला फक्त डेटा घ्या : टॅलीचं डेटा फोल्डर, फोटो, कागदपत्रं, डिझाइनच्या फाइली. सेटअप घेऊ नका, ते पुन्हा मूळ कंपनीच्या साइटवरून घ्या. फाइल एक्सप्लोररमध्ये फाइलींचं शेपूट दाखवायची खूण करा, म्हणजे 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' असलं सोंग ओळखू येईल. नवीन विंडोज, मग त्याचे सगळे अपडेट, मग डिफेंडरची तपासणी, आणि त्यानंतरच बॅकअपची डिस्क लावून, स्कॅन करून, डेटा परत घ्या. हा क्रम बदलू नका. पासवर्ड मोबाइलवरून किंवा स्वच्छ मशीनवरून बदला, आजारी मशीनवर बदललेला पासवर्ड बदलला न बदलला सारखाच. तोवर त्या मशीनवर नेट बँकिंगही नको.

मला सगळ्यात खात्रीचा वाटणारा उपाय थोडा खर्चिक आहे : नवीन एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) घालायची, त्यावर कोरं विंडोज, आणि जुनी डिस्क काढून नाव लिहून बाजूला ठेवायची. काही राहिलं असेल तर नंतर काढता येतं. टॅलीचं एखादं वर्षाचं फोल्डर विसरलं तर घालमेल होत नाही.

अपग्रेड चालू असताना लाइट गेली तर विंडोज अर्धवट राहतं, तेव्हा डेस्कटॉपला यूपीएस आणि लॅपटॉपला चार्जर लावूनच बसा. टक्के तासभर हलले नाहीत तरी पॉवर बटण दाबून धरू नका.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

फाइलींना शेपूट आणि पैशांची चिठ्ठी दिसली तर नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, बॅकअपची डिस्क सोडवा. फॉरमॅट करू नका, फाइलींची नावं बदलू नका, चिठ्ठी पुसू नका. कोणता प्रकार आहे हे त्यावरूनच कळतं, आणि काही प्रकारांची किल्ली 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर मोफत मिळते. पैसे भरून फाइली मिळतीलच याची खात्री नसते. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी बँक आणि १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, कॉम्प्युटर नंतर.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करा. प्रत्येक वेळी चालू करताना उरलेला डेटा जाण्याचा धोका वाढतो. हे काम डेटा काढणाऱ्यांचं आहे, माझ्यासारख्याचंही नाही.

बिटलॉकरची रिकव्हरी की सापडत नसेल तर बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरला) हात लावू नका.

कारखान्यात पाच-सहा मशीनं एकाच नेटवर्कवर असतील आणि दोनांवर तरी लक्षणं असतील तर एकेक साफ करत बसू नका. पहिलं साफ होईपर्यंत दुसरं त्याला परत लागण करतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली बंद करून पैसे मागणारा व्हायरस असाच कुणी क्लिक न करता नेटवर्कवरून पसरला होता, आणि त्याला अडवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. आधी सगळ्यांच्या वायरी काढा, मग नेटवर्कचं काम करणाऱ्याला बोलवा.

आणि नव्या डिस्कवर कोरं विंडोज, एकही पेनड्राइव्ह लावलेला नाही, ब्राउझरमध्ये लॉगिन नाही, तरीही तीच लक्षणं, असं झालं तर मदरबोर्डच्या बायोसपर्यंत शंका न्यावी लागते. माझ्या हातून असं मशीन अजून गेलेलं नाही, पण तुमच्याकडं आलं तर घरी प्रयोग करू नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या.

कुणाकडंही न्या, काम सुरू होण्याआधी दोन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या : विंडोज कुठून आणलेलं टाकणार, आणि डी ड्राइव्हचं काय करणार. मशीनबरोबर चार्जर, टॅलीचा सिरियल नंबर, लिहून ठेवलेला लक्षणांचा कागद आणि एका पिशवीत घरातले सगळे पेनड्राइव्ह घेऊन जा.